सभेचे चित्र वाडी-वस्तीपर्यंत

१९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह-दूरदर्शन प्रयोगाद्वारे देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणविषयक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. प्रयोग मोठा होता. परंतु संवाद एकाच दिशेने वाहत होता. प्रेक्षकाला त्याच क्षणी प्रश्न विचारता येत नसे. झूम, गूगल मीट यांसारख्या दृक्‌श्राव्य बैठकीच्या प्रणालींनी ही उणीव भरून काढली आहे. गुजरात उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दूरस्थ सुनावणीचे यूट्यूबवरून थेट प्रसारण सुरू केले, तेव्हा बैठक आणि प्रसारण यांचा मेळ किती उपयुक्त ठरतो हे दिसून आले.

कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील मलकापूर ही शाहूवाडी तालुक्यातील बाजारपेठ. पावसाळ्यात डोंगरकपारीच्या वस्त्यांतून तेथे येणे कष्टाचे, आणि भाताचा हंगामही नेमका तोच. समजा, भातावरील करपा रोगासंबंधी मलकापुरात सभा भरली आहे व तज्ज्ञ पुण्याहून बोलत आहेत. औषधाची मात्रा सांगताना आवाज क्षणभर तुटला, तर ऐकणाऱ्याच्या शेताचे नुकसान होऊ शकते. म्हणून प्रसारणाची व्यवस्था काटेकोर असावी लागते.

बैठक आणि प्रसारण

बैठकीत प्रश्नोत्तरे सुरळीत व्हावीत यासाठी विलंब अत्यल्प ठेवला जातो. जोडणी मंदावली की प्रणाली चित्राचा दर्जा उतरवते. प्रसारणात मात्र काही सेकंदांचा साठा करून चित्र पुढे पाठविले जाते. त्यामुळे ते बैठकीच्या मागे चालते. बैठकीत बोलणाऱ्याने आपल्याजवळचे प्रसारण बंद ठेवावे, अन्यथा मागचा आवाज पुन्हा सभेत शिरतो.

मांडणी

प्रसारणासाठी स्वतंत्र संगणक घ्यावा व तो बैठकीत ‘प्रेक्षक’ म्हणून जोडावा. त्यावरील चित्र ओबीएस या विनामूल्य प्रणालीत घेऊन वक्त्याचे नाव व महत्त्वाचे आकडे पडद्यावर लिहावेत. औषधाची मात्रा केवळ बोलून न सांगता अक्षरांत दाखविणे हितावह. ७२० रेषांच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट इतका प्रवाह बाहेर पाठवावा लागतो. हाताशी त्याच्या दुप्पट क्षमता असावी. बिनतारी जोडणीपेक्षा तार बरी.

ध्वनी

सभागृहातील ध्वनिवर्धकातून पुण्याचा आवाज येतो आणि तोच मायक्रोफोनमधून पुण्याला परत जातो. यातून प्रतिध्वनी निर्माण होतो. यावर उपाय असा, की दूरच्या वक्त्याकडे सभागृहाचा सर्व आवाज पाठवावा, मात्र त्याचा स्वतःचा आवाज त्यातून वगळावा. प्रसारणाकडे दोन्ही आवाज जावेत. ही जोडणी सभेपूर्वी एकदा तपासून पाहावी.

खबरदारी

दूरध्वनीवरून सामील झालेल्यांचे क्रमांक पडद्यावर दिसू शकतात, ते झाकावेत. प्रसारण होणार असल्याची पूर्वसूचना सर्वांना द्यावी. संगणकावरील खासगी संदेश बंद ठेवावेत. वीज गेल्यास यंत्रणा चालू राहावी म्हणून बॅटरीची सोय व दुसरी इंटरनेट जोडणी तयार असावी. संपूर्ण सभेचे ध्वनिचित्रमुद्रण जपावे, म्हणजे त्या वेळी वीज नसलेल्या वस्तीलाही ती नंतर पाहता येते.

वाडीवरील शेतकऱ्याचा प्रश्न लेखी संदेशाने आला, तर सूत्रसंचालकाने तो मोठ्याने वाचावा आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. असे घडले, तरच पडद्यावरची सभा खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.