नफा वहीत, गल्ला रिकामा



मागे बोर्डीत एका गटाच्या बैठकीला बसले होते. चिकूचे चिप्स करणाऱ्या एका ताईंना विचारलं, "धंद्यात नफा होतो ना?" त्या म्हणाल्या, "होतो की! पण पुढचा चिकू घ्यायला पैसेच नसतात." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन हिशोब मांडला, तोच आज तुमच्यापुढे ठेवते.

समजा, चिकू, पाकिटं आणि भाडं मिळून तुम्ही ४,००० रुपये घातले. सगळा माल ५,००० ला गेला. नफा झाला १,००० रुपये. आता पैसे कुठे आहेत ते बघा:

किनाऱ्यावर पर्यटकांना रोख विक्री: ३,४०० रुपये
दुकानदाराकडे उधारी: १,६०० रुपये
रोखीतून घरखर्चाला काढले: ९०० रुपये
हातात उरले: २,५०० रुपये

पुढच्या खेपेला ४,००० हवेत, हातात २,५००. तेवढ्याचाच माल केला तर नफा ६२५ वर येतो. चव तीच, गिऱ्हाईक तेच, तरी ३७५ रुपये गेले. कमी पडलेले १,५०० गटातून महिना २ टक्क्यांनी घेतले, तर व्याज ३० रुपये. एकदा परवडतं. पण दर खेपेला उधारी वाढली की कर्जही वाढतं, आणि दुकानदाराकडे अडकलेल्या पैशाचं व्याज आपण भरत बसतो.

डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या चिकूचं नाव झालंय, मागणी आहे. पण हातात रोकड नसेल तर मागणी असूनही माल करता येत नाही. म्हणून चार सवयी लावूया.

१. दोन डबे ठेवा. एक धंद्याचा, एक घरचा. पैसे आले की आधी पुढच्या खेपेचं भांडवल बाजूला काढा. मग ठरलेली मजुरी घरच्या डब्यात टाका. मजुरी घ्यायचीच, पण येता-जाता गल्ल्यात हात घालायचा नाही. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

२. रोज रात्री तीन आकडे लिहा: आले, गेले, उरले. उरलेला आकडा डब्यातल्या पैशाशी जुळवा.

३. उधारी नफ्याच्या आत ठेवा. नफा १,००० आणि उधारी १,६००, म्हणजे तुमचं ६०० रुपये भांडवलच अडकलं. नाव, रक्कम आणि कधी देणार ती तारीख लिहा. जुनी बाकी आल्याशिवाय नवा माल नको.

४. मंदीची तयारी करा. पावसात चकत्यांना ऊन नाही, पर्यटकही कमी. सुकी मासळी विकणाऱ्या ताईंना तर हे सांगायलाच नको, जून-जुलैत मासेमारीच बंद असते. चांगल्या महिन्यांत दर खेपेचे १०० रुपये वेगळे ठेवा.

नियमित हिशोब लेखन हे आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र. गटाच्या हिशोबात आपण एक रुपया इकडेतिकडे होऊ देत नाही. मग स्वतःच्या धंद्याला तोच नियम का नाही?

एक आठवडा हे तीन आकडे लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या. लिहिता येत नसेल तर मुलीला नाहीतर सुनेला बसवा. चुकलं तरी चालेल, मिळून दुरुस्त करू. त्या चिप्सवाल्या ताईंकडेही मी हेच पान घेऊन जाणार आहे.

तुमची क्षेत्र समन्वयक