आबांचं ब्लॅकबर्ड : जुन्या शाईपेनाची खरेदी आणि दुरुस्ती

मित्रांनो, आपल्या होस्टेलच्या कुठल्याही खोलीत शोधलं तर पंधरा-वीस पेनं सापडतील. त्यातली चालणारी दोन, आणि त्यातलं एक शेजारच्या खोलीतून आलेलं! सबमिशनच्या आदल्या रात्री तर पेन ही वस्तू कुणाच्याच मालकीची नसते. मीही त्यातलाच. शाईचं पेन मी पाचवी-सहावीत वापरलं, शर्टाचे खिसे निळे केले आणि सोडून दिलं. पुन्हा त्या वाटेला गेलो ते आबांमुळे.

आबा म्हणजे माझे आजोबा. निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात पुष्कळसा सुधारला, पण बोटांत जोर राहिला नाही. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. बॉलपेनने सही उठेना. साहेब चांगले होते, म्हणाले, "गुरुजी, त्रास घेऊ नका, अंगठा चालेल." आबांनी अंगठा दिला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसाने रात्री साक्षरतेचे वर्ग घेऊन गावातल्या बायाबापड्यांचा अंगठा सोडवला, त्याला स्वतःला अंगठा द्यावा लागला होता.

रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "बॉलपेनला दाबावं लागतं रे. माझं ब्लॅकबर्ड असतं तर जमलं असतं." ते पेन बदलीच्या गडबडीत कधीच हरवलेलं. मला आधी वाटलं, जुन्या माणसांचा हट्ट. मग फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक उघडलं, आणि आबा बरोबर निघाले!

जोर का लागत नाही?

बॉलपेनमध्ये घट्ट, तेलकट शाई असते आणि टोकाला एक बारीक गोळी. गोळी कागदावर फिरली तरच शाई बाहेर येते, आणि ती फिरायला घर्षण हवं, म्हणजे दाब हवा. शाईपेनात फिरणारं काही नाही. शाई पाण्यासारखी पातळ. निबेच्या मधल्या चिरेतून ती केशाकर्षणाने टोकापर्यंत येऊन थांबते. कागदाला टोक टेकलं की कागदाचे धागे ती ओढून घेतात. हाताने फक्त दिशा द्यायची.

निबेखाली काळी, खाचा असलेली जीभ असते. तिच्यातून शाई पुढे येते आणि तेवढीच हवा मागे जाते. हवा गेली नाही तर आत निर्वात होऊन पेन अडतं. जास्तीची शाई जिभेच्या खाचांत थांबते, म्हणून डाग पडत नाही. ही साधी दिसणारी व्यवस्था बसवायला माणसाला बराच काळ लागला. वॉटरमनचं पेटंट १८८४ सालचं आहे.

खरेदी

आता जुनं पेन शोधायचं कुठे? मी गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार धरला. दोन बुधवार रिकामे गेले. तिसऱ्या बुधवारी एका काकांच्या गोणपाटावर कुलपं, नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळं यांच्यात तीन पेनं दिसली. दोन चकचकीत 'पार्कर' होती, पण नावाची अक्षरंच वेडीवाकडी. तिसरं तपकिरी पडलेलं, कडेला धातूचा छोटा खटका, आणि अंगावर पुसट पक्षी. ब्लॅकबर्ड!

हे पेन माबी टॉड कंपनीचं. कंपनी मूळची न्यूयॉर्कची, पुढे कारभार इंग्लंडात गेला. 'स्वान' हे तिचं भारी पेन आणि 'ब्लॅकबर्ड' स्वस्तातलं. गंमत म्हणजे १९५० च्या दशकात ही कंपनी बायरो या बॉलपेनवाल्यांच्याच हाती गेली.

काकांनी सहाशे सांगितले, साडेतीनशेला दिलं. घेताना चार गोष्टी बघाव्यात :

१. निबेचं टोक. भिंगातून टोकाला कठीण धातूचा बारीक ठिपका दिसला पाहिजे. सोनं मऊ असतं, म्हणून तो बसवतात. तो झिजला असेल तर पेन सोडून द्या, ते काम आपलं नव्हे.
२. निबेचे दोन्ही काटे एका पातळीत हवेत.
३. टोपणाच्या कडेला तडा नको. नखाने चाचपून बघा.
४. खटका जबरदस्तीने उचलू नका. आतली रबरी पिशवी वाळून दगड झालेली असते, खटकाच तुटतो.

माझी घोडचूक

खोलीवर आलो आणि शहाणपणा केला. पेन स्वच्छ करायचं म्हणून टोपण कढत पाण्याच्या मगात टाकलं. अर्ध्या तासाने बघतो तर तपकिरी टोपण शेवाळी झालेलं!

कारण नंतर कळलं. जुनी पेनं बऱ्याचदा एबोनाइटची असतात. रबरात सुमारे ३० टक्के गंधक मिसळून तापवलं की हे कठीण रबर होतं. नेल्सन गुडइयरचं त्यावरचं पेटंट १८५१ सालचं. उन्हाने आणि पाण्याने पृष्ठभागावरच्या गंधकाचं ऑक्सिडेशन होतं आणि काळा रंग उडतो. गरम पाण्याने तर फारच लवकर. ओळखायची खूण सोपी आहे : अंगठ्याने जोरात घासा, गंधकाचा वास आला की एबोनाइट. त्याला फक्त ओलसर फडकं लावायचं. रंगीत, नक्षीदार पेन असेल तर ते सेल्युलॉइडचं असू शकतं. ते चटकन पेट घेतं, त्यामुळे मेणबत्ती किंवा लायटर जवळही नको.

दुरुस्ती

खटक्याच्या पेनाची रचना अशी : खटका उचलला की आतली धातूची पट्टी पिशवी दाबते, हवा बाहेर जाते. निब शाईत बुडवून खटका सोडला की पिशवी फुगते आणि शाई ओढते. पिशवी बदलली की बहुतेक पेनं जिवंत होतात.

पहिलं काम पेन उघडणं. निबेची मान अंगात घट्ट बसलेली असते. रूममेटच्या बहिणीचा हेअर ड्रायर आणला. जोड हाताला सोसेल इतपतच कोमट करायचा आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवत ओढायचा. पक्कड नको. मला तीन संध्याकाळी लागल्या. आतून जुन्या पिशवीचा काळा भुगा पडला. काडीने उरलेला सगळा काढला.

दुसरं काम मापाचं. पिशव्यांचे नंबर इंचाच्या ६४व्या भागात असतात. १६ नंबर म्हणजे १६/६४ इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. व्हर्नियर कॅलिपर मी प्रॅक्टिकल सोडून पहिल्यांदाच खऱ्या कामाला वापरला! पिशवी ऑनलाइन मागवली आणि आत टेकणार नाही एवढ्या लांबीची कापली.

तिसरं काम चिकटवणं. फेव्हिक्विक, अॅरल्डाइट अजिबात नको. लाकडाच्या पॉलिशसाठी हार्डवेअरच्या दुकानात चपडी लाख मिळते, ती स्पिरिटमध्ये विरघळवून मानेला लावायची. पुढे कधी पिशवी बदलायची झाली तर कोमट केल्यावर ती सुटते. दुरुस्ती अशी करावी की पुढच्या माणसाला पुन्हा करता यावी. हे मला या लाखेने शिकवलं. रात्रभर वाळू दिलं, पिशवीला टाल्कम पावडर चोळली आणि पेन बंद केलं.

चौथं काम निब. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून फक्त निब बुडवली. दोन दिवस पाण्यात निळा रंग उतरत होता. कुणाची तरी शेवटची शाई! चिरेत ब्लेड घालू नका. वर्कशॉपमधल्या मामांनी पितळेच्या पातळ पत्र्याचा तुकडा दिला, तो एकदा अलगद फिरवला.

शाई घ्यायची ती शाईपेनाचीच. चित्रकलेच्या काळ्या इंडिया इंकमध्ये लाख असते. ती आत वाळली की पेन गेलंच. मी कॅमलची निळी घेतली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेला तो उद्योग. २०११ पासून त्याची मालकी मुख्यतः जपानच्या कोकुयोकडे आहे.

पुढे काय झालं?

पेन आबांच्या हातात दिलं. त्यांनी आधी शेवाळी टोपण बघितलं आणि म्हणाले, "गरम पाण्यात घातलंस ना?" मास्तर ते मास्तरच.

पहिल्या दिवशी नुसत्या रेघा. मग 'ग म भ न'. माझ्या जुन्या असाइनमेंटच्या पाठकोऱ्या कागदांवर रोज एक पान, आठ महिने. अक्षर पूर्वीसारखं झालं नाही, होणारही नाही. पण नोव्हेंबरात बँकेत त्यांनी खिशातून ब्लॅकबर्ड काढलं. साहेबांनी इंकपॅड पुढे केलं होतं, ते आबांनी हाताने बाजूला सरकवलं. सही करायला चांगला दीड मिनिट लागला. मागे रांग होती, पण कुणी काही बोललं नाही. साहेबांनी जुन्या सहीशी ताडून पाहिलं, मान हलवली आणि फॉर्म ठेवून घेतला.

तर दोस्तहो, घरी माळ्यावर, ट्रंकेत असं एखादं पेन पडलेलं असेल तर भंगारात घालू नका. सुट्टीत घेऊन या, खोलीवर बघू. आणि हो, मगभर गरम पाणी मात्र फक्त चहासाठी!