बचत गट : बँककर्जापूर्वीचे सहा महिने

पैठण तालुक्यातील बिडकीन येथे शेतजमिनीवर औद्योगिक क्षेत्र उभे राहत आहे. शेतमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे लहानशा धंद्याचा विचार करणे भाग आहे. पण तारणाविना भांडवल कोण देणार? 'नाबार्ड'ने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँकजोडणीचा जो प्रयोग आरंभिला, त्यात तारणाची जागा गटाच्या हिशेबवहीने घेतली. किमान सहा महिने सुरळीत चाललेला गट कर्जास पात्र मानला जातो.

बारा स्त्रियांनी दरमहा शंभर रुपये टाकल्यास सहा महिन्यांत ७,२०० रुपये जमतात. त्यांतूनच आपसांत कर्जव्यवहार व्हावा. पहिली उचल पुष्कळदा औषधपाण्याला जाते. तिला अपव्यय समजू नये. सावकाराकडे गेले असते ते व्याज गटातच राहते आणि परतफेडीची सवय जडते. इष्टांकाच्या घाईने हा काळ आखडू नये.

हप्ताही धंदा पाहून ठरवावा. मिरची कांडपाचे यंत्र रोज पैसा देते. शेळी मात्र पाच महिने गाभण असते आणि करडू विकण्याजोगे होईतो वर्ष लोटते. पहिल्याच महिन्यापासून मोठा हप्ता लावला, तर तो फेडण्यासाठी शेळीच बाजारात न्यावी लागते. शिक्षकांनी हिशेब शिकवावा. वही मात्र गटातील स्त्रीनेच लिहावी.