इटर्नल सोनाटा : संगीतकाराच्या स्वप्नात घडणारा खेळ

मोबाईलवर किंवा टीव्हीवर गेम खेळताना मागे संगीत वाजत असतं. आपण त्याकडे फारसं लक्ष देत नाही. पण संगीत हाच ज्याचा विषय आहे, असा एक गेम आहे. त्याचं नाव 'इटर्नल सोनाटा'. जपानच्या ट्राय-क्रेसेंडो या कंपनीने तो बनवला आणि २००७ साली तो आला. आज आपण त्याची ओळख करून घेऊ आणि त्यातलं खरं किती, कल्पना किती तेही पाहू.

नायक कोण?

या खेळाचा नायक आहे फ्रेडरिक शोपँ. हा खराखुरा माणूस. १८१० मध्ये पोलंडमधल्या वॉर्साजवळच्या एका गावात जन्मलेला, पियानोसाठी अप्रतिम रचना करणारा संगीतकार. १८३० मध्ये त्याने मायदेश सोडला. त्यानंतर लगेच वॉर्सात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि शोपँ पुन्हा कधीच मायदेशी परतला नाही. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी तो गेला. खेळ सुरू होतो तो मृत्यूच्या काही तास आधी. शोपँ अंथरुणावर आहे आणि त्याला एक स्वप्न पडतंय. आपण खेळतो ते या स्वप्नात.

नावांमध्येच संगीताचा धडा

स्वप्नातल्या माणसांची आणि गावांची नावं बघा. पोल्का म्हणजे एक नाच. अॅलेग्रेटो म्हणजे मध्यम जलद लय. व्हायोला हे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य. क्रेसेंडो म्हणजे आवाज हळूहळू वाढवत नेणं. रिटार्डांडो या गावाचा अर्थ लय हळूहळू कमी करणं. फोर्टे या देशाचा अर्थ मोठ्या आवाजात. तिथला राज्यकर्ता वॉल्ट्झ. वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा नाच. आपल्या दादऱ्याचे सहा मात्रांचे दोन सारखे भाग होतात, त्यातला एक भाग डोळ्यांसमोर आणा म्हणजे कल्पना येईल.

लढाई कशी होते?

बुद्धिबळात जशी आळीपाळीने चाल करतात, तशीच इथे प्रत्येकाची पाळी येते. फरक एवढाच, की आपली पाळी काही सेकंदांचीच असते. सुरुवातीला विचाराला वेळ मिळतो, पण संघाची पातळी वाढत गेली की तो कमी होत जातो. शत्रूला लागोपाठ मारलेले फटके 'प्रतिध्वनी' म्हणून साठतात आणि नंतरच्या खास हल्ल्याचा जोर वाढवतात. उन्हात उभं राहिलं की एक कौशल्य चालतं, सावलीत दुसरं. म्हणून आधी जागा बघायची, मग चाल करायची. शत्रू मारायला आला की नेमक्या क्षणी बटण दाबून तो वार अडवायचा. इथे ताल चुकून चालत नाही!

लढाईशिवायही संगीत आहे. वाटेत सुरावटींचे तुकडे सापडतात. गावातला एखादा माणूस आपली धून वाजवतो, तिच्याशी जुळणारा तुकडा आपण निवडायचा. जुळला तर बक्षीस मिळतं. म्हणजे कान उघडे ठेवून ऐकावंच लागतं.

खरं काय, कल्पना काय?

पोल्का १४ वर्षांची आहे आणि तिला न बरा होणारा आजार आहे. त्या जगात ज्यांना जादू येते, त्यांचं आयुष्य थोडंच उरलेलं असतं, म्हणून लोक तिच्यापासून लांब राहतात. ही कल्पना. पण शोपँची धाकटी बहीण एमिलिया १८२७ मध्ये खरोखर १४ व्या वर्षीच वारली होती. खेळातल्या शोपँला पोल्कात तीच दिसते. सत्याचा एवढासा धागा घेऊन लेखकाने केवढी गोष्ट विणली बघा.

खेळाच्या भागांना 'पावसाचे थेंब', 'क्रांती' अशा शोपँच्या रचनांची नावं आहेत. मध्येमध्ये त्याच्या जीवनाची माहिती येते आणि स्तानिस्लाव बुनिन या पियानोवादकाने वाजवलेल्या मूळ रचना ऐकू येतात. मात्र 'पावसाचे थेंब' आणि 'क्रांती' ही नावं शोपँने दिलेली नाहीत, ती पुढे लोकांनी दिली. बाकीचं बरंचसं संगीत मोतोई साकुराबा या जपानी संगीतकाराचं आहे.

आपण काय शिकायचं?

गेम म्हणजे वेळ वाया, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण गेममधली गोष्ट इतिहास म्हणून पाठ करणंही तितकंच चुकीचं. खेळ आवडला, की त्यामागचा खरा माणूस शोधा. स्वप्नात पोल्का भेटेल, खरी एमिलिया मात्र चरित्रात भेटेल. तिच्या आठवणीसाठी तरी तेवढं शोधायलाच हवं, नाही का?

करून पाहा

१. वरच्या माहितीतून तीन खऱ्या आणि तीन काल्पनिक गोष्टी वेगळ्या लिहा.
२. टाळ्या वाजवून तीन मात्रा मोजा. पहिली टाळी जोरात द्या.
३. तबला, ताल, आलाप, सरगम अशी नावं असलेली पात्रं घेऊन दहा ओळींची गोष्ट लिहा.