रिटेनरची निगा : आधी डबी, मग गोळ्या

दातांच्या तारा निघाल्या की खर्च संपला, असं वाटतं. खासगी दवाखान्यात साध्या धातूच्या तारांसाठी साधारण ३०,००० ते ६०,००० रुपये मोजून झालेले असतात. पण सरळ झालेले दात हाडात पक्के व्हायला वेळ लागतो आणि हिरडीतले ताणलेले तंतू त्यांना जुन्या जागी ओढत राहतात. ते थोपवतो रिटेनर. त्याची सफाई जवळजवळ फुकटात होते. खरे पैसे जातात ते तो हरवला, वाकला किंवा तडकला की.

(पुढचे दर शहरातले, अंदाजे आहेत. गाव, दवाखाना आणि ब्रँडनुसार कमीजास्त होतील.)

रोजची सफाई : जवळपास शून्य रुपये

काढल्या काढल्या गार पाण्याखाली धुवा. लाळ वाळली की थर चिकटतो. मग मऊ ब्रशवर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन आतून-बाहेरून हलक्या हाताने घासा आणि खळखळून धुवा. या कामाला ४०-६० रुपयांचा वेगळा ब्रश ठेवा.

टूथपेस्ट नको. तिच्यातल्या बारीक कणांनी पारदर्शक रिटेनरवर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते. गरम पाणी तर मुळीच नको. हे प्लॅस्टिक उष्णतेनेच साच्यावर बसवलेलं असतं, उष्णतेनेच ते बिघडतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही तेच होईल. ब्लीचने तार गंजते.

तारेची प्लेट असेल, तर तारेच्या वळशात आणि तार प्लेटमध्ये शिरते त्या खाचेत ब्रशचं टोक फिरवा. वास तिथूनच येतो.

जेवताना रिटेनर काढायचाच. हळदीचा पिवळा डाग सहजी जात नाही. घालून ठेवल्यावर फक्त साधं पाणी प्या.

गोळ्या : आठवड्यातून एकदा

कवळीसाठी मिळणाऱ्या फिटीडेंट, क्लिन्सोडेंट यांसारख्या गोळ्या रिटेनरलाही चालतात. एक गोळी साधारण ८ ते १२ रुपयांना पडते. रोज एक वापरली तर वर्षाला २,९२० ते ४,३८० रुपये, म्हणजे एका जबड्याचा नवा रिटेनर! रोज ब्रश होत असेल, तर आठवड्याला एक गोळी पुरते. पाकिटावर लिहिलेला वेळच बुडवून ठेवा आणि तोंडात घालण्याआधी नीट धुवा. काही गोळ्यांतल्या परसल्फेटची क्वचित कुणाला ॲलर्जी असते. हिरड्या चुरचुरल्या तर गोळी बंद करा.

खालचा रिटेनर उजेडासमोर धरा. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला खडूसारखा पांढरा थर दिसला, तर ते किटण आहे. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून ते तिथेच जास्त साचतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन १५-२० मिनिटं बुडवा, मग घासा. तरीही गेलं नाही, तर सुईने खरवडू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून साफ करून घ्या.

दातामागे चिकटवलेली तार

ही हरवत नाही, पण हिच्याभोवती किटण लवकर धरतं. दातांच्या फटीत फिरवायचे बारीक ब्रश (१५० ते ३०० रुपयांचं पाकीट) रोज वापरा. दवाखान्यातली दातांची सफाई एका वेळी ८०० ते २,००० रुपयांना होते. तार एखाद्या दातावरून सुटली तर दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही आणि दात सरकतो. जिभेला हलल्यासारखं लागलं, की त्याच आठवड्यात दाखवा.

हरवला, तुटला तर

हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर खरकट्याबरोबर उचलला जातो. हरवण्याची सगळ्यात नेहमीची तऱ्हा हीच. १०० ते २०० रुपयांची कडक, भोकं असलेली डबी दप्तरात किंवा पर्समध्ये कायम असू द्या. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवा.

नव्याचा खर्च, एका जबड्याला :
- पारदर्शक : २,००० ते ४,००० रुपये
- तारेची प्लेट : २,००० ते ३,५०० रुपये
- चिकटवलेली तार : २,५०० ते ५,००० रुपये

रिटेनर दातांनी चावून बसवू नका, बोटांनी दाबा. काढताना दोन्ही बाजूंच्या दाढांकडून सैल करा. एकाच बाजूने ओढला की तडकतो. तडकलेला फेव्हिक्विकने जोडू नका. तो रोज तोंडात राहणार असतो. काही दिवस न घातल्याने बसेनासा झाला, तर जोर न लावता डॉक्टरांना फोन करा.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत रुग्णालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे खर्च बराच कमी येतो. मात्र खेपा आणि रांग यांची तयारी ठेवा.

वर्षाचा हिशेब

चार ब्रश १६० ते २४०, डबी १०० ते २००, आठवड्याला एक गोळी धरून ४१६ ते ६२४. एकूण साधारण ७०० ते १,०५० रुपये. दुसऱ्या वर्षी डबीचे वाचतील.

तारा काढायच्या दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. जोडीला दुसरा रिटेनर आत्ताच केला तर किती सूट? आणि दातांचा साचा किंवा स्कॅनची फाइल आम्हाला मिळेल का? रिटेनर लगेच हरवला आणि दात हलले नसतील, तर त्याच साच्यावर नवा बनतो आणि माप घ्यायची खेप वाचते.