शिपाई, शेतकरी आणि पिता : मार्कस केटो

रोमचा इतिहास वाचतांना मार्कस केटो हें नांव आपणांस भेटतें तें बहुधा कार्थेजचा हाडवैरी म्हणून. आणि परीक्षा आटोपली म्हणजे तेंही आपण विसरतों. प्रस्तुत लेखांत त्याच्या राजकारणाकडे न पाहतां तो शेतावर व घरांत कसा होता एवढेंच पाहावयाचें आहे.

केटोचा जन्म इ. स. पूर्वी २३४ मध्यें टस्क्युलम गांवीं झाला. बाळपण सॅबाइन प्रांतांतील वडिलार्जित शेतावर गेलें. जवळच मॅनियस क्यूरियस या जुन्या सेनापतीची झोंपडी होती. तीन वेळां विजयोत्सवाचा मान मिळविलेला हा पुरुष स्वहस्तें जमीन कसत असे. सॅमनाइट लोकांचे वकील सोनें घेऊन आले, तेव्हां तो चुलीपाशीं सलगम उकडीत बसला होता. एवढ्या जेवणावर ज्याचें भागतें त्याला सोनें कशाला, असें म्हणून त्यानें त्यांना वाटेला लावलें. केटो ती झोंपडी पाहून येई आणि आपला खर्च आणखी कमी करी.

हॅनिबॉल इटलींत असतां सतराव्या वर्षीं त्यानें शस्त्र धरलें. त्याच्या सर्व जखमा छातीवर होत्या. लढाईहून परतला कीं तो गुलामांबरोबर शेतांत राबे व त्यांच्याच पंक्तीस बसून तीच भाकरी खाई. पुढें इ. स. पूर्वी १९५ मध्यें तो कॉन्सल झाला. १९१ मध्यें थर्मापिलीच्या खिंडींत डोंगरवाटेनें जाऊन त्यानें शत्रूची पिछाडी गांठली.

शेतकीवर त्यानें लिहिलेलें पुस्तक हा आज संपूर्ण उपलब्ध असलेला लॅटिन गद्याचा सर्वांत जुना ग्रंथ होय. १५० एकरांच्या जैतुनाच्या बागेस १३ माणसें लागतात, असा त्यांत हिशेब आहे. पावसामुळें काम अडलें असें कारभारी सांगूं लागला, तर दोर वळणें, खत काढणें, बियाणें निवडणें हीं कामें त्या दिवशीं कां झालीं नाहींत, असें त्याला विचारावें! आपल्याकडील कोणत्याही जाणत्या शेतकऱ्यास हें ओळखीचें वाटेल.

परंतु त्याच यादींत म्हातारे बैल, मोडकी गाडी यांच्या जोडीला म्हातारा गुलाम आणि आजारी गुलामही विकून टाकावा, असें तो लिहितो. एका पंक्तीस जेवलेल्या माणसाविषयीं हे शब्द आहेत. स्पेनच्या स्वारींत ज्यावर बसून लढला तो घोडाही, सरकारास जहाजाचें भाडें पडूं नये म्हणून, त्यानें तेथेंच सोडला. प्लूटार्कनें या गोष्टीवर त्याला दोष दिला आहे. ज्यानें आपल्यासाठीं कष्ट केले तो बैलदेखील म्हातारपणीं आपण विकणार नाहीं, असें तो म्हणतो. मला प्लूटार्कचें म्हणणें पटतें. काटकसर आणि कृतघ्नता यांमधील बांध केटोला दिसला नाहीं.

आश्चर्य हें कीं, हाच मनुष्य घरांत फार मायाळू होता. मुलाच्या न्हाण्याच्या वेळीं, सरकारी काम नसल्यास, तो जवळ उभा राही. घरांत चिलो नांवाचा विद्वान गुलाम शिक्षक होता. तरी मुलाचा कान गुलामानें धरावा हें त्याला रुचेना, म्हणून वाचन, कायदा, घोड्यावर बसणें, नदीच्या धारेंत पोहणें हें सर्व त्यानें स्वतः शिकविलें. लहानग्यास वाचतां यावा म्हणून रोमचा इतिहास त्यानें मोठ्या अक्षरांत आपल्या हातानें लिहून काढला! इ. स. पूर्वी १६८ मध्यें पिड्नाच्या रणांत या मुलाच्या हातांतून तलवार निसटली. मित्रांस हांक मारून तो पुन्हा शत्रूंत शिरला व प्रेतांच्या राशींतून ती शोधून आणली. बापानें त्याला पत्र लिहून शाबासकी दिली.

पत्नीच्या मृत्यूनंतर म्हातारपणीं केटोनें आपल्या एका कारकुनाच्या मुलीशीं लग्न केलें. आपलें कांहीं चुकलें काय, असें थोरल्यानें विचारलें. तेव्हां तुझ्यासारखे आणखी मुलगे असावेत एवढीच इच्छा आहे, असें तो म्हणाला. दुसरा मुलगा झालाही. पण इ. स. पूर्वी १५२ मध्यें थोरला वारला. ऐंशी वर्षें उलटलेल्या बापानें दुःख गिळलें व राज्यकारभाराचें काम सोडलें नाहीं. १४९ मध्यें तो वारला तेव्हां धाकटा अगदीं लहान होता. सीझरशीं झुंजणारा दुसरा केटो हा त्याच धाकट्याचा नातू.