शिक्षकाचा वर्ण आणि मुलांचे खाडे

प्रश्न : मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात शिकवते. शिक्षकाचा वर्ण किंवा पिढी यांचा मुलांच्या हजेरीवर परिणाम होतो का?

उत्तर : वर्णाचा होतो. तुमच्याच राज्यातल्या प्राथमिक शाळांच्या नोंदी संशोधक स्टीफन होल्ट आणि सेथ गर्शनसन यांनी तपासल्या. शिक्षक मुलापेक्षा वेगळ्या वर्णाचा असला की खाडे थोडे वाढतात, विशेषतः गौरेतर मुलग्यांचे; निलंबनंही वाढतात. फरक लहान आहे, पण मला तो अस्वस्थ करतो.

पिढीबद्दल मला सांगता येत नाही, पण अनुभवाचा परिणाम होतो. हेलन लॅड आणि लूसी सोरेन्सन या संशोधकांना याच राज्यातल्या मिडल स्कूलमध्ये दिसलं, की अनुभवी शिक्षकांच्या वर्गात गैरहजेरी घटते. वर्ण बदलता येत नाही, पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे: मूल आलं नाही, तर त्याच दिवशी घरी फोन जरूर करा.